विश्लेषण : खोकल्याच्या औषधाने आठ महिन्यांची बंदी! डोपिंगचा नियम बार्शीटाकळीच्या खेळाडूलाही का माहीत हवा?

उत्तेजक द्रव्यांची बातमी आली की डोळ्यांसमोर ऑलिम्पिक, रशिया, लान्स आर्मस्ट्राँग अशी नावे येतात. बार्शीटाकळीत पहाटे धावायला निघणाऱ्या मुलाला किंवा अकोल्यात बॉक्सिंगचा सराव करणाऱ्या मुलीला हा विषय दूरचा वाटणे साहजिक आहे. मात्र राज्य पातळीच्या स्पर्धेतही चाचणी होऊ शकते आणि बंदी घातलेले द्रव्य गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळणाऱ्या खोकल्याच्या बाटलीतही असू शकते. महाराष्ट्रातल्या दोन मोठ्या खेळाडूंना याचा फटका बसला आहे. एकाला आठ महिने, तर दुसऱ्याला चार वर्षे मैदानाबाहेर राहावे लागले. हा नियम काय आहे, तो इतका कडक का आहे आणि गावाकडच्या खेळाडूने काय काळजी घ्यावी, याचे हे विश्लेषण.

भारताची स्थिती काय आहे?

जागतिक उत्तेजकद्रव्य विरोधी संस्था म्हणजे 'वाडा' दरवर्षी देशनिहाय आकडेवारी जाहीर करते. २०२२ मध्ये भारतातल्या ३,८६५ नमुन्यांपैकी १२५ नमुन्यांत बंदी असलेली द्रव्ये सापडली. २०२३ मध्ये ५,६०६ पैकी दोनशेहून अधिक नमुने दोषी निघाले. २०२४ मध्ये चाचण्या ७,११३ पर्यंत वाढल्या आणि दोषी नमुन्यांची संख्या २६० झाली. टक्केवारीत हे प्रमाण अनुक्रमे ३.२, ३.८ आणि ३.६ आहे. वर्षाला पाच हजारांहून अधिक चाचण्या करणाऱ्या देशांमध्ये हे प्रमाण सर्वाधिक आहे. २०३६ चे ऑलिम्पिक भरवण्याची इच्छा असलेल्या देशासाठी हा आकडा अडचणीचा आहे.

चाचणीची धास्ती किती असते, याचे एक उदाहरण सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत दिसले. दिल्ली राज्य अॅथलेटिक्स स्पर्धेत चाचणी पथक आल्याचे कळताच अनेक खेळाडू गायब झाले. पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू धावला. स्टेडियमच्या स्वच्छतागृहात पडलेल्या सिरिंजची चित्रफीतही तेव्हा व्हायरल झाली होती. ही स्पर्धा राज्य पातळीची होती, हे इथे लक्षात घ्यायला हवे.

डोपिंग म्हणजे नेमके काय?

वाडा दरवर्षी बंदी असलेल्या द्रव्यांची यादी प्रसिद्ध करते आणि ती १ जानेवारीपासून लागू होते. यादीचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. पहिल्या भागातली द्रव्ये स्पर्धा असो वा नसो, कायम बंद असतात. स्नायू वाढवणारी स्टेरॉइड, रक्तातल्या लाल पेशी वाढवणारी द्रव्ये, वाढीची संप्रेरके, श्वासनलिका रुंदावणारी काही औषधे आणि लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्या यात येतात. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांवर बंदी असण्याचे कारण म्हणजे त्यांनी वजन झटकन उतरते आणि इतर द्रव्ये लपवायलाही मदत होते.

दुसऱ्या भागातली द्रव्ये फक्त स्पर्धेच्या काळात बंद असतात. तरतरी आणणारी उत्तेजके, गांजा, अफूजन्य वेदनाशामके ही त्यातली काही. चहा-कॉफीतल्या कॅफिनवर मात्र २००४ पासून बंदी नाही.

चाचणी कशी होते?

भारतात ही जबाबदारी राष्ट्रीय उत्तेजकद्रव्य विरोधी संस्था म्हणजे 'नाडा'कडे आहे. पथक स्पर्धेत येते, तसेच सराव शिबिरात किंवा घरीही न सांगता येऊ शकते. खेळाडूने स्वतः निवडलेल्या भांड्यात, त्याच लिंगाच्या अधिकाऱ्यासमोर किमान ९० मिलिलिटर लघवीचा नमुना द्यायचा असतो. तो 'अ' आणि 'ब' अशा दोन बाटल्यांत विभागून सील केला जातो. प्रयोगशाळेला खेळाडूचे नाव कळत नाही, फक्त क्रमांक कळतो. 'अ' नमुना दोषी निघाला तर खेळाडू 'ब' नमुन्याची तपासणी मागू शकतो. नमुना द्यायला नकार देणे हासुद्धा गुन्हाच आहे आणि त्याला चार वर्षांपर्यंत बंदी होऊ शकते.

आताची यंत्रे किती बारीक शोध घेतात? एका मिलिलिटरमध्ये एक नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा एक अब्जावा भाग, असे मोजमाप या प्रयोगशाळांत नेहमीचे आहे. अकोल्याच्या भाषेत सांगायचे तर दहा हजार लिटरचे शंभर पाण्याचे टँकर उभे करा आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम पावडर टाका. एवढ्या विरळ पाण्यातली पावडर ओळखण्यासारखे हे काम आहे. काही स्टेरॉइडचे अंश तर शरीरात महिनोन्‌महिने सापडतात. त्यामुळे 'थोडेसेच घेतले होते' किंवा 'कधीचेच बंद केले' या समजुतीवर विसंबण्यात अर्थ नाही.

पृथ्वी शॉच्या बाबतीत काय झाले?

मुंबईकर पृथ्वी शॉने ऑक्टोबर २०१८ मध्ये राजकोटला वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी पदार्पणातच शतक ठोकले. चारच महिन्यांनी, २२ फेब्रुवारी २०१९ रोजी, इंदूरमध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेदरम्यान त्याचा नमुना घेण्यात आला. त्यात टर्ब्युटालिन सापडले. श्वासनलिका मोकळी करणारे हे औषध खोकल्याच्या अनेक सिरपमध्ये असते. खोकल्यासाठी औषध घेतले होते, असे पृथ्वीने सांगितले. द्रव्य नकळत पोटात गेले, हे भारतीय क्रिकेट नियामक मंडळानेही मान्य केले. तरीही ३० जुलै २०१९ रोजी आठ महिन्यांची बंदी जाहीर झाली. ती मागील तारखेपासून, म्हणजे १६ मार्च ते १५ नोव्हेंबर २०१९ अशी धरली गेली. मधल्या काळात तो आयपीएल खेळून मोकळा झाला होता. त्यामुळे बंदी जाहीर झाली तेव्हा प्रत्यक्षात साडेतीन महिनेच उरले होते. त्यावरून बरीच टीका झाली. त्यानंतर काही दिवसांतच, ऑगस्ट २०१९ मध्ये, क्रिकेट मंडळाने आपले खेळाडू नाडाच्या कक्षेत आणायला होकार दिला.

या प्रकरणातली एक बारीक गोष्ट दम्याचा त्रास असलेल्या प्रत्येक खेळाडूने लक्षात ठेवावी. साल्ब्युटामॉल हे औषध पंपातून ठरावीक मात्रेपर्यंत ओढले तर नियमात बसते. त्याच कामाचे टर्ब्युटालिन मात्र परवानगीशिवाय कोणत्याही स्वरूपात चालत नाही. आजार तोच आणि औषधाचे कामही तेच, तरी नियम वेगळा.

नरसिंग यादवचे प्रकरण का गाजले?

नरसिंग यादव हा मुंबईत घडलेला पैलवान. २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षे तो महाराष्ट्र केसरी झाला आणि राज्य पोलीस दलात उपअधीक्षकपदी रुजू झाला. २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक जिंकून त्याने ७४ किलो गटात रिओ ऑलिम्पिकचा कोटा मिळवला. त्याच गटातून सुशील कुमारनेही चाचणी लढतीची मागणी केली होती. ती दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०१६ मध्ये फेटाळली.

त्याच महिन्यात, २५ जूनला, सोनीपतच्या शिबिरात घेतलेल्या नरसिंगच्या नमुन्यात मेथॅन्डिएनोन हे स्टेरॉइड सापडले. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी ते मिसळले, असा त्याचा दावा होता. त्याच्या खोलीत राहणाऱ्या पैलवानाच्या नमुन्यातही हेच द्रव्य निघाले. १ ऑगस्टला नाडाच्या समितीने त्याला निर्दोष सोडले. आधीचे नमुने स्वच्छ होते आणि एकदाच घेतलेल्या डोसचा काही फायदा होत नाही, असे त्यामागचे म्हणणे होते. वाडाने मात्र क्रीडा लवादाकडे दाद मागितली. नमुन्यातले प्रमाण पाहता एक-दोन गोळ्या तोंडावाटे घेतल्या असाव्यात, पाण्यात मिसळलेल्या पावडरीतून इतके प्रमाण येणार नाही, असे मत तिथे तज्ज्ञाने दिले. घातपाताचा पुरावा लवादाला पुरेसा वाटला नाही. १८ ऑगस्ट २०१६ रोजी, म्हणजे लढतीच्या आदल्या दिवशी, रिओमध्येच त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली.

सत्य काय होते, यावर आजही वाद घालता येईल. नियमाच्या दृष्टीने मात्र द्रव्य शरीरात कसे आले हे सिद्ध करण्याची जबाबदारी नरसिंगची होती आणि ते तो सिद्ध करू शकला नाही.

'मी घेतलेच नाही' हे का चालत नाही?

फौजदारी खटल्यात गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारी पक्षावर असते. डोपिंगमध्ये दोषी नमुना हाच पुरावा ठरतो. तुमच्या शरीरात काय जाते, याला सर्वस्वी तुम्हीच जबाबदार, हे या नियमाचे मूळ तत्त्व आहे. ते बाजूला ठेवले तर प्रत्येक जण 'कुणीतरी मिसळले' असे सांगून सुटेल, हा वाडाचा युक्तिवाद आहे आणि तो खोडून काढणे सोपे नाही.

शिक्षा ठरवताना मात्र हेतू पाहिला जातो. स्टेरॉइडसारख्या द्रव्याला साधारण चार वर्षे, औषधातून सहज येऊ शकणाऱ्या द्रव्याला साधारण दोन वर्षे. चूक किरकोळ होती हे खेळाडूने सिद्ध केले तर शिक्षा आणखी कमी होते.

टीकाकारांचा आक्षेप याच टप्प्यावर आहे. सिद्ध करायचे म्हणजे वकील हवा, शास्त्रज्ञ हवा, त्याच बॅचचा सीलबंद डबा तपासून घ्यायचा तर पैसे हवेत. टेनिसपटू यानिक सिनरच्या नमुन्यात मार्च २०२४ मध्ये दोनदा क्लोस्टेबॉलचे अत्यल्प अंश सापडले. मसाज करणाऱ्याने स्वतःच्या हातावर मारलेल्या स्प्रेमधून ते आले, हे त्याच्या बाजूने सिद्ध करता आले. आधी तो पूर्ण निर्दोष सुटला, पुढे वाडाशी झालेल्या समझोत्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला तीन महिन्यांची बंदी मिळाली आणि एकही ग्रँडस्लॅम त्याने गमावले नाही. अशीच वेळ एखाद्या तालुक्याच्या कबड्डीपटूवर आली तर त्याच्या हातात काय असेल? बहुतेक वेळा मेडिकलचे बिलसुद्धा नसते.

'सरांनी दिले' म्हटले तर सुटका होते का?

नाही. २०११ मध्ये भारताच्या महिला रिले पथकातल्या धावपटू स्टेरॉइडप्रकरणी अडकल्या. परदेशी प्रशिक्षकाने दिलेल्या जिनसेंगच्या गोळ्यांतून हे आले, असे त्यांचे म्हणणे होते. प्रशिक्षकाला काढण्यात आले आणि खेळाडूंना सुरुवातीला एक वर्षाची बंदी झाली. पण क्रीडा लवादाने २०१२ मध्ये ती दोन वर्षांपर्यंत वाढवली. प्रशिक्षकावरचा विश्वास हा बचाव होऊ शकत नाही, हा त्यातला धडा.

याचे टोक पूर्व जर्मनीत दिसले. १९७० च्या दशकापासून तिथल्या सरकारनेच हजारो खेळाडूंना स्टेरॉइड दिली. त्यात अल्पवयीन मुलीही होत्या. अनेकींना ती जीवनसत्त्वाची गोळी असल्याचे सांगितले जायचे. पुढे अनेकींचे आवाज कायमचे बदलले, आजार मागे लागले. 'विटॅमिन आहे, घे' हे वाक्य आपल्याकडच्या जिममध्येही अनोळखी नाही.

मग सगळ्यांनाच परवानगी का देऊ नये?

हा युक्तिवाद जुना आहे आणि पूर्णपणे बाष्कळही नाही. महागडे बूट, उंचावरची शिबिरे, खास आहार हे सगळे चालते, मग औषधच का नको? चोरून घेण्यापेक्षा डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेले बरे, असेही म्हटले जाते. याच विचारातून 'एन्हान्स्ड गेम्स' नावाची, उत्तेजके घ्यायला मुभा देणारी स्पर्धा मे २०२६ मध्ये लास व्हेगासला घेण्याची घोषणा झाली. वाडा आणि जागतिक क्रीडा संघटनांनी तिला कडाडून विरोध केला.

विरोधाचे पहिले कारण जिवाचे आहे. १९६७ च्या टूर द फ्रान्समध्ये ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसन चढणीवर कोसळून मरण पावला. त्याच्या शरीरात अॅम्फेटामिन सापडले होते. पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, ऑलिम्पिकमध्ये चाचण्या सुरू झाल्या. स्टेरॉइडमुळे हृदय आणि यकृतावर ताण येतो, पुरुषांत शुक्रजंतू घटतात, स्त्रियांचा आवाज घोगरा होतो, स्वभावात चिडचिड वाढते.

दुसरे कारण गावाकडच्या खेळाडूला अधिक लागू पडते. परवानगी दिली की घेणे ऐच्छिक राहत नाही. शेजारचा घेतो म्हणून यालाही घ्यावे लागते. ज्याच्याकडे चांगला डॉक्टर, चांगले औषध आणि नियमित रक्ततपासणीचे पैसे आहेत तो पुढे जाईल. बाकीचे भेसळयुक्त स्वस्त माल टोचून घेतील. देखरेखीची भाषा ज्यांना परवडते त्यांच्यासाठीच आहे.

जिम आणि भरतीचा याच्याशी काय संबंध?

राज्य पोलीस भरतीत शिपाईपदासाठी मैदानी चाचणीला ५० गुण असतात. मुलांसाठी १६०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. काही सेकंदांनी गुण घसरतात आणि एका गुणाने नोकरी जाते. खेळाडूंसाठी सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे. त्यामुळे राज्य पातळीच्या प्रमाणपत्राचे मोलही मोठे आहे. कोरडवाहू शेतीच्या घरात अशी नोकरी म्हणजे सगळ्या कुटुंबाचा आधार. 'ग्राउंड निघेपर्यंत एकदाच घेऊ' हा मोह इथून सुरू होतो.

त्याचा फायदा घेणारा बाजारही आहे. मेफेंटरमाइन हे शस्त्रक्रियेच्या वेळी खाली आलेला रक्तदाब वाढवण्यासाठी भूलतज्ज्ञ वापरतात ते इंजेक्शन. जिममध्ये जाणाऱ्या तरुणांना ते बेकायदा विकल्याप्रकरणी पुण्यासह राज्यात काही ठिकाणी पोलिसांनी कारवाया केल्या आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. निरोगी माणसाने ते टोचले तर रक्तदाब आणि हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या वाढू शकतात, सवयही लागते. वाडाच्या यादीत ते आहेच. पोलीस भरती ही क्रीडा स्पर्धा नाही, त्यामुळे नाडाचे नियम तिथे थेट येत नाहीत. पण मैदान कोणतेही असले तरी धोका हृदयाला आहे.

कायदा काय सांगतो?

२०२२ च्या राष्ट्रीय उत्तेजकद्रव्य विरोधी कायद्याने नाडाला वैधानिक दर्जा मिळाला, तपासणी व जप्तीचे अधिकार मिळाले. खेळाडूला तुरुंगवासाची तरतूद मात्र त्यात नाही, आणि ते योग्यच आहे. द्रव्य पुरवणाऱ्या प्रशिक्षकावर किंवा मदतनिसावरही नियमानुसार आजीवन बंदीपर्यंत कारवाई होऊ शकते. तरी बंदीच्या याद्या पाहिल्या तर नावे बहुतांशी खेळाडूंचीच दिसतात. शिवाय कोणत्याही क्रीडा संघटनेशी न जोडलेला जिमवाला या नियमांच्या बाहेरच राहतो. त्याला बंदी घालून काय उपयोग? तो कुठे खेळतच नाही. त्याच्यासाठी औषध कायदा आहे, पण त्याची अंमलबजावणी करणारे हात तालुक्यापर्यंत किती पोहोचतात, हा प्रश्न उरतो.

खेळाडूने आणि पालकांनी काय करावे?

• डॉक्टरकडे गेल्यावर पहिले वाक्य : 'मी स्पर्धा खेळतो, उत्तेजक चाचणीत चालेल असे औषध द्या.'

• औषधाच्या कंपनीचे नाव न पाहता मागे छापलेले घटक पाहा. नाडाच्या 'नो युवर मेडिसिन' अॅपवर घटक तपासता येतो.

• बंदी असलेले औषध आजारासाठी गरजेचेच असेल तर डॉक्टरांच्या कागदपत्रांसह आधी उपचारात्मक वापराची परवानगी मागा.

• प्रत्येक चिठ्ठी आणि बिलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. प्रोटीनच्या डब्याचा बॅच क्रमांकही टिपून ठेवा.

• 'शंभर टक्के सुरक्षित' असे लिहिलेल्या डब्यावर भरवसा ठेवू नका. वाडा किंवा नाडा कोणत्याही सप्लिमेंटला प्रमाणपत्र देत नाही.

• नमुना देताना फॉर्मवर गेल्या सात दिवसांत घेतलेले प्रत्येक औषध लिहा, खोकल्याचे सिरपसुद्धा.

• जिममध्ये कुणीही दिलेले इंजेक्शन घेऊ नका, मग देणारा कितीही ओळखीचा असो.

खरा प्रश्न कोणता?

बंदी असावी की नसावी, या वादात बंदीची बाजू भक्कम आहे. पण नियमाचा सगळा भार खेळाडूवर टाकायचा तर नियमाची माहितीही त्याच्यापर्यंत पोहोचवायला हवी. आज ती राष्ट्रीय शिबिरात मिळते. तोवर मुलाने गावात पाच-सहा वर्षे तालीम, जिम आणि मेडिकलच्या सल्ल्यावर काढलेली असतात. वऱ्हाडात हे काम करू शकणाऱ्या जागा आहेत. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आलेले अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आजही क्रीडा शिक्षक घडवते. तालुका क्रीडा स्पर्धा दरवर्षी होतात. शाळेत शारीरिक शिक्षणाचे शिक्षक आहेत. स्पर्धेच्या प्रवेश अर्जासोबत मराठीत एक पानाचे माहितीपत्रक देणे आणि उद्‌घाटनाच्या भाषणांतली दहा मिनिटे या विषयाला देणे, याला फार खर्च येत नाही.

पृथ्वी शॉच्या मागे क्रिकेट मंडळ होते, नरसिंगच्या बाजूने कुस्ती महासंघ उभा होता. तरीही दोघे बंदीतून सुटले नाहीत. बार्शीटाकळीच्या मुलामागे एवढेही कुणी नसते. त्याच्यासाठी बाटलीच्या मागचा बारीक मजकूर वाचणे हाच सर्वांत स्वस्त वकील आहे.